आजीच्या एका गोष्टीचा अभ्यास कसा करायचा (भोपळ्यातली म्हातारी घेऊन)

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की कोणी ना कोणी विचारतंच, लोकसाहित्याचा प्रोजेक्ट आहे, काय करू, कुठलं पुस्तक घेऊ. आणि मग बरेच जण काय करतात तर दोन पुस्तकांतून व्याख्या उतरवतात, लोककथेची वैशिष्ट्यं एक ते दहा लिहितात आणि शेवटी उदाहरण म्हणून एखादी गोष्ट पाच ओळींत उरकतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. गोष्ट कोणीतरी कोणालातरी सांगत असतं, ऐकणारं पोर मधेच "मग?" म्हणतं, सांगणारी वाघाचा आवाज काढते, आणि पाच ओळींत हे सगळं गळून जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, एकच गोष्ट घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत अभ्यास कसा करायचा ते, मी करतो तसं. एमएवाल्यांना उपयोगी पडेलच, पण नुसती आवड म्हणून करणाऱ्यालाही जमण्यासारखं आहे, एक मोबाइल, एक वही आणि भरपूर वेळ एवढंच लागतं.

आधी कुठे जायचं ते. लोककथा म्हटलं की पोरं लगेच गावी जायचा प्लॅन करतात, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबतात. काही गरज नाही. ठाण्याहून वाशीची लोकल पकडा आणि घणसोली नाहीतर कोपरखैरण्याला उतरा. १९७० साली सिडको आली आणि ठाणे आणि आताच्या रायगड जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली, पण गावठाणं तिथंच आहेत, सेक्टरच्या मधोमध, आणि त्यात आगरी-कोळी आज्या आहेत ज्यांचं माहेर खाडीपलीकडचं नाहीतर उरण-पनवेलकडचं. तिथून पंधरा मिनिटं चाललात की माथाडींच्या वसाहती, तिथे साताऱ्याकडनं आलेली घरं. शेजारच्या टॉवरमध्ये कोणाची तरी आई जळगावहून नातू सांभाळायला आलेली. म्हणजे एका स्टेशनच्या आसपास तुम्हाला एकाच गोष्टीची तीन-चार रूपं मिळू शकतात, आणि अभ्यासाला नेमकं तेच लागतं, कारण एका रूपावरून काहीच बोलता येत नाही.

गोष्ट निवडताना दुर्मिळ शोधू नका. सगळ्यांना माहीत असलेली घ्या. मी नेहमी भोपळ्यातल्या म्हातारीची देतो. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत जंगलात कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, कधी लांडगा कधी सिंह, प्रत्येकजण खातो म्हणतो, ती म्हणते थांब, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते मग खा. येताना लेक तिला भोपळ्यात बसवते आणि भोपळा टुणुक टुणुक करत जंगलातून घरी. बस एवढंच. मराठी घरात वाढलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही येते, आणि म्हणूनच कोण काय बदलतं ते लगेच कळतं.

आता विचारायचं कसं, इथे बहुतेकांचं चुकतं. "आजी, एखादी लोककथा सांगा ना" असं कधीच म्हणू नका. लोककथा हा आपला शब्द आहे, तिचा नाही, तिला वाटतं काहीतरी देवाधर्माचं नाहीतर शाळेतलं पाहिजे असेल आणि ती म्हणते मला काही येत नाही बाबा. विचारा, नातवाला झोपवताना काय सांगता, तुम्हाला लहानपणी कोण सांगायचं, ती भोपळ्याची येते का. आणि शक्यतो एखादं पोर समोर बसलेलं असू द्या, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. नुसता तुम्ही आणि मोबाइल असाल तर आजी तुम्हाला सारांश सांगते, कारण तुम्ही मोठे आहात, तुम्हाला गोष्ट माहितीये हे तिला माहितीये. पाच वर्षांची नात मांडीवर असली की तीच गोष्ट तिप्पट लांब होते, वाघ गुरगुरतो, भोपळ्याला हाताने ढकललं जातं, आणि प्रत्येक वेळी टुणुक टुणुक पोर स्वतःच म्हणतं.

रेकॉर्ड करायच्या आधी स्पष्ट विचारा, करू का, कशासाठी करतोय, पुढे कोणाला ऐकवणार ते सांगा, नाही म्हणाल्या तर वही काढा आणि नाव घालायचं की नाही तेही त्यांनाच ठरवू द्या. दुपारी जेवणं झाल्यावर दोन ते चार ही वेळ बरी, मिक्सर नसतो, कुकर नसतो. फोन हातात धरू नका, टेबलावर उशीच्या कव्हरवर ठेवा म्हणजे टेबलाचा आवाज येत नाही, पंखा थोडा वेळ बंद करता आला तर उत्तम, मे महिन्यात मात्र हट्ट करू नका.

गोष्ट संपली की लगेच उठू नका, खरी माहिती त्यानंतर मिळते. गोष्ट कोणाकडून ऐकली, तेव्हा वय काय होतं, ती सांगणारी कुठली, आणि माहेर कुठलं. माहेर विचाराच विचारा. बायकांच्या गोष्टी लग्नाबरोबर प्रवास करतात, आज घणसोलीत ऐकलेली गोष्ट घणसोलीची असेलच असं नाही, ती आजीच्या आईच्या गावची असू शकते आणि तिथे ती आत्याबरोबर आणखी कुठूनतरी आलेली. पोरं "स्थळ: घणसोली" लिहून मोकळी होतात, त्याने पुढचं सगळं विश्लेषण वाकडं जातं. चांगला नमुना बघायचा असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी पुण्यात बसून केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम बघा, एक लाखाहून जास्त ओव्या आणि ओवी कोणाची, कुठल्या गावची याची नोंद. ओवी कोणीतरी गायलीये, त्या बाईला नाव-गाव आहे, हे त्यातून सतत जाणवत राहतं.

मग लिहून काढायचं. हे कंटाळवाणं काम आहे आणि याला शॉर्टकट नाही. जसं बोललं तसं लिहा. आगरीत ळ चा ल होतो, ड चा बऱ्याचदा र होतो, तर भोपला ऐकलं की भोपलाच लिहायचं, कोंबरी म्हटलं की कोंबरी. मी स्वतः पहिल्यांदा केलं तेव्हा सगळं "शुद्ध" करून टाकलं होतं, भाषा सरळ केली, दोनदा आलेलं वाक्य एकदाच ठेवलं, आणि आजींनी शेवट जरा अर्धवट सोडला होता तर मला माहीत असलेला शेवट जोडून दिला. वर्षभराने परत वाचायला घेतलं तर त्यात आजी कुठेच नव्हत्या, मीच होतो. आणि मूळ रेकॉर्डिंग तोपर्यंत जुन्या फोनबरोबर गेलेलं. तेव्हापासून फाइल त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवतो आणि विद्यार्थ्यांनाही तेच सांगतो, नाव तारीख-गाव-गोष्ट असं द्या, "न्यू रेकॉर्डिंग सतरा" ने कोणाचं भलं होत नाही.

कुठे थांबल्या, कुठे हसल्या, कुठे हाताने भोपळा गोल दाखवला, पोराने कुठे अडवलं, हे सगळं कंसात लिहीत जा. आणि शंका असेल तिथे आपल्या मनाने भर घालू नका, जागा सोडा. ही शिस्त काही परदेशातून आलेली नाही हं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिलं होतं त्यांना शोधून, विचारून. आणि त्या आठवणींच्या ग्रंथाच्या, म्हणजे लीळाचरित्राच्या, वेगवेगळ्या प्रतींमध्ये एकाच लीळेची, म्हणजे प्रसंगाची, वेगळी आठवण असेल तर ती ज्याची त्याच्या नावाने ठेवलेली दिसते, महानुभाव परंपरेत त्याला वासना म्हणतात. एकच खरी आणि बाकीच्या चुकीच्या असं ठरवून पुसून टाकलं नाही. मराठी गद्याची सुरुवातच अशा ऐकून जपलेल्या आठवणींनी झाली याचा मला फार अभिमान वाटतो, आणि आपण गोष्ट लिहून घेतो तेव्हा निदान तेवढं तरी पाळावं.

लिहून झालं की विश्लेषण. पहिली पायरी सोपी आहे, घडलं काय आणि सांगितलं कसं हे वेगळं करा. वहीच्या डाव्या बाजूला नुसत्या घटना काळाच्या क्रमाने, उजव्या बाजूला सांगताना त्या कुठे आल्या, किती लांब झाल्या. रशियन रूपवाद्यांनी, म्हणजे साहित्याच्या घडणीकडे बघणाऱ्या समीक्षकांनी, हा फरक शंभर वर्षांपूर्वी मांडला आणि पुढे जेरार जनेत या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ मध्ये काळाबद्दल नीट चौकट दिली, क्रम, अवधी, वारंवारता. नावं घाबरवतात पण करून बघा. रेकॉर्डिंगवर सेकंद मोजायचे. लेकीकडे म्हातारी कित्येक दिवस राहते आणि ते एका वाक्यात संपतं, "खाल्लं प्यायलं, गुटगुटीत झाली". जंगलातली वाट मात्र सगळी गोष्ट खाऊन टाकते, तिथे संवाद आहेत, गाणं आहे. म्हणजे लेकीचं घर हे सारांशात आणि जंगल हे दृश्यात. हे एवढं तुमच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगवरून दाखवलंत तरी प्रोजेक्टमध्ये एक खरं निरीक्षण आलं, कुठल्याही पुस्तकातून न उचललेलं.

दुसरं, प्राणी मोजा. डेन्मार्कच्या अॅक्सेल ओल्रिकने १९०९ च्या लेखात मौखिक कथनाचे नियम मांडले, त्यात तीनदा पुनरावृत्ती होते, एका प्रसंगात दोनच पात्रं बोलतात, आणि शेवटी येतो त्याला वजन असतं असं आहे. आपल्या गोष्टीत कोल्हा आणि वाघ कधी एकत्र म्हातारीशी बोलतात का? नाही, एकेक करूनच येतात. तो नियम तर चपखल बसतो. तीनचं मात्र तपासा, ओल्रिकने स्वतःच लिहिलंय की भारतीय गोष्टींत तीनऐवजी बरेचदा चार येतात. मला एकाच आजींकडून एकदा दोन प्राणी मिळाले आणि पुढच्या खेपेला चार, कारण दुसऱ्या खेपेला नात झोपायला तयार नव्हती! मग नियम मोडला का? मला वाटतं पुनरावृत्ती ही सांगणारीच्या हातातली दोरी आहे, ऐकणारं जागं असेल तर सैल सोडायची. हे नुसत्या लिहिलेल्या गोष्टीवरून कळलं नसतं, समोर बसूनच कळलं.

आता रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप. मराठीच्या प्रोजेक्टमध्ये याचं नाव हमखास येतं आणि हमखास चुकीचं वापरलं जातं, म्हणून थोडं थांबतो. प्रॉपने १९२८ च्या पुस्तकात अफनास्येव या लोककथा गोळा करणाऱ्याच्या संग्रहातल्या शंभर रशियन अद्भुतकथा घेतल्या आणि दाखवलं की पात्रं बदलली तरी ती जे करतात ते बदलत नाही, अशी ३१ कार्यं, ती ठराविक क्रमाने येतात, आणि पात्रांच्या सात भूमिका, नायक, खलनायक, मदतनीस वगैरे. सुंदर काम आहे. पण ते अद्भुतकथांपुरतं आहे, म्हणजे राजपुत्र घर सोडतो, कोणीतरी जादूची वस्तू देतं, राक्षस मारतो, लग्न होतं, या जातीच्या गोष्टी. भोपळ्याची गोष्ट प्राणीकथांत मोडते. तिला ३१ खणांत कोंबायला गेलात की वाघ खलनायक, लेक मदतनीस, भोपळा जादूची वस्तू असं दिसायला छान जमतं आणि मग पंचवीसेक खण रिकामे राहतात. बरेच जण ते खण कसेबसे भरतात. भरू नका. रिकामे का राहिले ते लिहा. प्रॉप खरोखर वापरायचा असेल तर सातासमुद्रापलीकडच्या राजकन्येची गोष्ट मिळवा, तिथे तो भराभर उलगडत जातो.

मग येते तुलना, मला सगळ्यात आवडणारा भाग. जगभरच्या लोककथांना प्रकारानुसार नंबर दिलेले आहेत, फिनलंडच्या अँटी आर्नेने १९१० मध्ये सुरुवात केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसनने १९२८ आणि १९६१ मध्ये ती वाढवली, जर्मनीच्या हान्स-योर्ग उथरने २००४ मध्ये दुरुस्त केली, तिघांच्या नावावरून एटीयू म्हणतात. "थांब, मला जाड होऊ दे मग खा" या प्रकाराचा नंबर १२२ एफ. नंबर लिहिला की काम झालं असं समजू नका, नंबर हा फक्त पत्ता आहे, त्या पत्त्यावर अजून कोण कोण राहतं ते बघायचं.

इराणमध्ये हीच म्हातारी लेकीकडे जाते आणि भोपळ्यातूनच घरंगळत परत येते, फारसीत कदू म्हणजे भोपळा, आपल्या बाजारातला कद्दू तोच. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१० च्या संग्रहात कुबडी म्हातारी नातीकडे जाते, येताना दुधीच्या कवचात बसते, शेवटी कोल्हा ओळखतो तर ती आपल्या कुत्र्यांना हाक मारून सुटते. आणि पंजाबातली, फ्लोरा अॅनी स्टील यांनी गोळा केलेली, रिचर्ड टेंपल यांच्यासोबत १८८४ ला छापलेली, तिच्यात म्हातारी नाहीच, एक छोटं कोकरू आजीकडे निघतं, खाऊन खाऊन लठ्ठ होतं आणि ढोलात बसून परत येतं, पण कोल्हा आवाज ओळखतो आणि खाऊन टाकतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्काच बसला होता. इतकी वर्षं वाटायचं ही सुटकेचीच गोष्ट आहे.

आता एक तक्ता करा. आडव्या ओळीत प्रत्येक कथन, म्हणजे तुमची घणसोलीची, साताऱ्याची, जळगावची आणि ही छापील, आणि उभ्या रकान्यांत कोण निघतं, कोणाकडे, प्राणी कुठले, कशात बसून परत, पालुपद काय, शेवट काय. तक्ता भरला की कोणाकडे हा रकाना बघा. आपल्याकडे आई लेकीकडे जाते. बंगालीत नातीकडे. पंजाबीत लहानगं आजीकडे. खाऊ घालणारं घर प्रत्येक ठिकाणी बाईचं आहे, पण वयाची दिशा उलटसुलट होते. आणि मराठीत हे जरा जास्तच बोलकं आहे असं मला वाटतं, कारण आपल्या ओव्यांमध्ये वाट कायम लेकीची असते, सासरहून माहेराकडे लागलेली, आणि आमच्या आजीच्या पिढीत तर लेकीच्या घरी जेवायलासुद्धा वडीलधारे बिचकायचे. अशा घरांमध्ये सांगितली जाणारी ही गोष्ट म्हणते की आई लेकीकडे जाईल, तूप खाईल, जाड होऊन येईल, आणि जीव वाचवायची युक्तीही लेकीच्याच घरातून मिळेल. हे माझं वाचन आहे, शेवटचं सत्य नाही, आणि तुम्ही असं काही लिहाल तेव्हा प्रत्येक वाक्याखाली स्वतःला विचारा, हे कुठल्या कथनातल्या कुठल्या शब्दावर उभं आहे. तूप कोणी म्हटलं? युक्ती लेकीची की म्हातारीची? माझ्याकडच्या एका कथनात भोपळा म्हातारी स्वतः मागून घेते, तिथे माझं अर्धं वाचन कोसळतं, आणि तेही मी लिहिलंय.

वाचन करताना सांगणारीलाच विसरू नका. अॅलन डंडीस या अमेरिकन लोकसाहित्य अभ्यासकाने १९६४ ला पोत, संहिता आणि संदर्भ अशा तीन पातळ्या सांगितल्या, पोत म्हणजे भाषा, नाद, यमक, संहिता म्हणजे ती एक सांगितलेली गोष्ट, संदर्भ म्हणजे कोण, कोणाला, कधी. आणि दोन वर्षांनी १९६६ ला त्याने आणखी एक मुद्दा मांडला, की लोकांना आपल्या गोष्टीचा अर्थ काय वाटतो हेही गोळा केलं पाहिजे. म्हणून सरळ विचारा, म्हातारी हुशार की नशीबवान? वाघाला भोपळ्याचा संशय का नाही आला? तिने वाघाला दिलेला शब्द मोडला, मग ते खोटं बोलणं झालं का? या शेवटच्या प्रश्नावर घणसोलीच्या एका आजींनी मला दहा मिनिटं सुनावलं होतं, की खाणाऱ्याला दिलेला शब्द शब्द नसतो. माझ्या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये तेवढं चांगलं वाक्य दुसरं नव्हतं.

पुस्तकांचं थोडक्यात. दुर्गा भागवतांचं लोकसाहित्याची रूपरेखा आधी वाचा, मग सरोजिनी बाबरांच्या लोकसाहित्य समितीचे खंड चाळा. ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, जुनी पुस्तकं शोधायला तिथे एक अख्खी सकाळ ठेवा. पण आधी रेकॉर्डिंग आणि मग पुस्तकं, उलटं केलंत की कान पुस्तकाने भरलेले असतात आणि आजी जे म्हणत नाहीत तेच ऐकू येतं.

लिहिताना आधी कथन जसंच्या तसं पूर्ण द्या, मग सांगणारीची माहिती त्यांनी परवानगी दिली तेवढीच, मग तक्ता, मग तुमचं म्हणणं. व्याख्या शेवटी कुठेतरी आल्या तरी चालतात.

आणि सबमिट करायच्या आधी एकदा परत त्या घरी जा, रेकॉर्डिंग आजींना ऐकवा, लिहिलेलं वाचून दाखवा. अर्ध्यावरच त्या थांबवतील आणि म्हणतील, अरे मधे अस्वल राहिलं, थांब, परत सांगते. तेव्हा जुनी फाइल पुसू नका, फोन उशीच्या कव्हरवर ठेवा, आज कोण कोण ऐकायला बसलंय ते लिहा आणि दुसरं रेकॉर्डिंग सुरू करा.